म्हशी, गवत आणि पक्षी

सलीम अलींचे काम म्हटले की आपण त्यांची पक्षीविषयक पुस्तके पुढे करतो. आमच्या मते, राजस्थानातील भरतपूरचा अभ्यास वर्गात आधी यावा. चराईने तिथल्या पाणथळीची हानी होते, असे सलीम अली मानत. १९८२ मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गुरांना बंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा अभ्यास तिथे १९८० मध्येच सुरू झाला होता. मग निकालाआधी बंदीची एवढी घाई का? डॉ. विजयन व सहकाऱ्यांना आढळले ते नेमके उलट. म्हशी पाण्यात शिरून पास्पालम गवत खात. त्या गेल्या आणि गवताने उथळ पाणी व्यापले. मासे कमी झाले, पाणपक्ष्यांना मोकळे पाणी उरेना. म्हैस (जिला आपण पक्षी मोजताना कधी मोजत नाही!) त्या परिसंस्थेचाच भाग होती.

सलीम अली १९८७ मध्ये वारले. त्यांच्याच संस्थेने त्यांच्या मताविरुद्धचा निष्कर्ष न दडवता मांडला, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. चराईबंदी मात्र त्यानंतरही उठली नाही.