हौसेचें भांडण

हौसेला मोल नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. हौसेपायीं माणूस किती खर्च करील याचा नेम नाहीं, एवढाच तिचा रूढ अर्थ. परंतु तिला आणखी एक अर्थ आहे, आणि तो एका जुन्या अमेरिकन ग्रंथाच्या वाचनानें अलीकडे आमच्या ध्यानांत आला. ज्या वस्तूला मोल नाहीं, तिच्यावरून झालेलें भांडण मिटवितां येत नाहीं. दोन व्यापारी शंभर रुपयांसाठीं भांडले तर पन्नासांवर तडजोड होते. दोन भाऊ शेताच्या बांधावरून भांडले तर मोजणीदार बोलावतां येतो. परंतु एकाच छंदानें वेडीं झालेलीं दोन माणसें एकमेकांचें तोंड पाहीनाशीं झालीं, तर मध्यें ठेवून निम्में निम्में वांटून घ्यावें असें तेथें कांहींच नसतें.

ग्रंथाचें नांव 'दि इमॉर्टल स्टॉर्म', म्हणजे 'अमर वादळ'. ग्रंथकर्ते सॅम मॉस्कोविट्झ. १९४५ पासून तो एका हौशी नियतकालिकांत क्रमशः येऊं लागला, व १९५४ सालीं अटलांटा येथील विज्ञानकथाप्रेमी मंडळींनीं तो पुस्तकरूपानें काढला. नांव ऐकून एखाद्या राज्यक्रांतीचा वृत्तांत असावा असें वाटतें. प्रत्यक्षांत हा इतिहास आहे विज्ञानकथा वाचण्याचा नाद लागलेल्या मुलांच्या मंडळांचा, त्यांनीं घरोघरीं काढलेल्या मासिकांचा, आणि १९३९ पर्यंत त्यांनीं एकमेकांशीं केलेल्या भांडणांचा. 'मुलांच्या' हा शब्द आम्ही जाणून योजिला आहे. यांतील बहुतेक वीर विशीच्या अलीकडचे होते. खुद्द ग्रंथकर्त्याचा जन्म १९२० चा.

या नादाचा उगम एका संपादकानें केलेल्या साध्या सोयींत आहे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनीं एप्रिल १९२६ मध्यें केवळ विज्ञानकथांना वाहिलेलें 'अमेझिंग स्टोरीज' हें मासिक न्यूयॉर्क येथें सुरू केलें. त्यांत वाचकांच्या पत्रांचें सदर असे, आणि पत्राखालीं लिहिणाराचा पत्ता छापलेला असे. आपल्या गल्लींत असला वेडा आपण एकटेच, अशी समजूत करून बसलेल्या मुलाला त्या पत्त्यांवरून आपल्यासारखे दुसरे वेडे सांपडले. पत्रव्यवहार जमला; पत्रव्यवहारांतून मंडळें झालीं; आणि मंडळ झालें म्हणजे मासिक हवेंच, म्हणून चक्रमुद्रित मासिकें निघालीं. पुढें गर्न्सबॅक यांनींच 'वंडर स्टोरीज' या आपल्या दुसऱ्या मासिकाच्या आश्रयानें १९३४ सालीं 'सायन्स फिक्शन लीग' नांवाचा संघ काढला, व गांवोगांवीं त्याच्या शाखा झाल्या. अध्यक्ष, चिटणीस, घटना, पोटनियम हें सर्व आलें. आणि त्याच्या पाठोपाठ, घटनेंतील कोणतें कलम कोणीं मोडलें याचा वादही आला.

येथें एक प्रसंग मुद्दाम सांगितला पाहिजे. डोनाल्ड वॉल्हाइम नांवाच्या तरुणाची पहिली कथा जानेवारी १९३४ च्या 'वंडर स्टोरीज'मध्यें छापली गेली, परंतु तिचा मोबदला त्याला मिळाला नाहीं. चौकशी करतां इतरही लेखक तसेच ताटकळत असल्याचें त्याला कळलें. सर्वांनीं मिळून मागणी लावून धरली, आणि न्यायालयाबाहेर ७५ डॉलरवर ती मिटली. पुढल्याच वर्षीं वॉल्हाइम व त्याचे दोन सोबती यांना संघांतून काढून टाकण्यांत आलें. पैशाच्या मागणीला आंकडा सांपडला. संघांतून काढल्याच्या अपमानाला मात्र आंकडा सांपडला नाहीं, आणि पुढील कित्येक वर्षांच्या वैरांत तो अपमान मुरलेला दिसतो. विशेष असें कीं, त्याच्याबरोबर बाहेर काढले गेलेले दोघे म्हणजे जॉन मिशेल व विल्यम सायकोरा. यांपैकीं मिशेल पुढेंही त्याच्या बाजूस राहिला, तर सायकोरा पांच वर्षांच्या आंत त्याच्या विरोधकांचा एक पुढारी झाला. एकाच दारांतून एकाच दिवशीं बाहेर टाकले गेलेले दोघे सोबती पुढें एकमेकांना दार बंद करतात, ही गोष्ट या ग्रंथांतील कोणत्याही कल्पित कथेपेक्षां चमत्कारिक आहे.

मतभेद सर्वस्वी पोकळ होते असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत फिलाडेल्फिया येथील संमेलनांत मिशेलनें लिहिलेलें एक भाषण वॉल्हाइमनें वाचून दाखविलें. जगांत फॅसिझम माजत असतां उद्यांच्या जगाचीं स्वप्नें पाहणारांनीं नुसतें वाचीत बसूं नये, अधिक न्याय्य समाजरचना आणण्याच्या कार्यांत उतरावें, असा त्याचा आशय. मॉस्कोविट्झ यांच्या पक्षाचें म्हणणें उलट होतें: छंदाच्या मंडळांत राजकारण आणूं नये. ठराव फेटाळला गेला. हा वाद खरोखरीचा होता. वाङ्मयाचा जगाशीं संबंध काय, हा प्रश्न आपल्याकडेही त्याच दशकांत प्रौढ साहित्यिकांना पडलेला होता. त्या मुलांनीं तो आपल्या परीनें विचारला, हें त्यांना भूषणावह आहे.

परंतु प्रश्न लवकरच मागें पडला आणि प्रश्न विचारणारे तेवढे उरले. वॉल्हाइमच्या बाजूचे १९३८ सालीं 'फ्यूचरियन' या नांवानें एकत्र आले. दुसऱ्या पक्षानें, म्हणजे मॉस्कोविट्झ, सायकोरा व जेम्स टॉरासी यांनीं, विज्ञानकथेचें पहिलें जागतिक संमेलन भरविण्याचा मान मिळविला. २ जुलै १९३९ रोजीं न्यूयॉर्कच्या कॅराव्हान सभागृहांत तें भरलें. सुमारें दोनशें माणसें जमलीं. दाराशीं वॉल्हाइम, मिशेल, पोल, लाउंड्झ, गिलेस्पी व कॉर्नब्लुथ या सहा फ्यूचरियनांना अडविण्यांत आलें. सभागृहांत पत्रकांचा एक गठ्ठा सांपडला होता. संयोजकांच्या हुकूमशाहीपासून सावध राहा, असा त्यांतला मजकूर. सभेंत गोंधळ न करण्याचें वचन मागितलें असतां तें देण्याचें या मंडळींनीं नाकारलें, असें मॉस्कोविट्झ म्हणतात. तीं पत्रकें डेव्हिड काइल या त्यांच्याच एका मित्रानें आपल्या बुद्धीनें छापलीं होतीं, हें मागाहून उघड झालें. आणि तो काइल मात्र आंत बसलेला होता! हुकूमशाहीचा आरोप करणारा आंत, आणि त्या आरोपाचें प्रायश्चित्त भोगणारे रस्त्यावर, असा हा न्याय झाला.

तारखा पडताळून पाहतां आम्हांस एक गोष्ट आढळली. त्या दिवशीं मॉस्कोविट्झ यांना एकोणीस वर्षें पुरीं होऊन दोनच दिवस झाले होते. आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या सिरिल कॉर्नब्लुथ याचा तो सोळावा वाढदिवस होता. सोळाव्या वाढदिवशीं एक मुलगा आपल्या सर्वांत आवडत्या गोष्टीच्या उत्सवाला येतो, आणि त्याच गोष्टीवर तितकेंच प्रेम करणारा दुसरा मुलगा त्याला दारांतून परत लावतो. दोन महिन्यांनीं जगांत दुसरें महायुद्ध पेटलें. तरी या दोन पक्षांपैकीं कोणीही त्या दाराचा विसर पडूं दिला नाहीं.

आपल्या न्यायशास्त्रानें चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावें म्हणून चालतो तो वाद. कसेंही करून जिंकावें म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडतां दुसऱ्याचा मोडण्यासाठीं चालते ती वितंडा. उत्तरोत्तर ही उतरंड आहे खरी, परंतु या तिहींतही विषय कायम असतो. शब्द नित्य कीं अनित्य यावर वितंडा करणाराही शब्दाविषयींच बोलत असतो. हौशी मंडळांत याच्याही खालची एक पायरी आढळते: तेथें विषय गळून पडतो व माणूस हाच विषय होतो. मग तुमचें मत काय हें कोणी विचारीत नाहीं. तुम्ही कोणाचे, एवढेंच विचारतात. 'अमर वादळ' या ग्रंथाचें खरें मोल, आमच्या मतें, या घसरणीचा इतका बारीक तपशील दुसऱ्या ग्रंथांत आमच्या पाहण्यांत नाहीं, यांत आहे.

आतां ग्रंथाचे दोष. ग्रंथकर्ता स्वतः एका पक्षाचा पुढारी, आणि इतिहासकारही तोच. स्वतःचा उल्लेख ते तृतीय पुरुषांत करतात. 'मॉस्कोविट्झनें असें केलें' अशा थाटानें. त्यामुळें वर्णनाला तटस्थतेचा पोशाख चढतो, परंतु आंतला माणूस तोच राहतो. स्वपक्षाच्या हातून कांहीं घडलें तर तें परिस्थितीमुळें, आणि परपक्षाच्या हातून घडलें तर तें कारस्थानामुळें, असा त्यांचा एकंदर हिशेब आहे. भाषाही फुगलेली. चार मुलांनीं मंडळाचा राजीनामा दिला तर सेनापतींनीं गोट बदलल्याचा भास व्हावा, अशी शब्दयोजना ठिकठिकाणीं आढळते. याहून मोठा दोष असा कीं, ज्या कथांच्या प्रेमानें हीं मुलें एकत्र आलीं, त्या कथांविषयीं त्या मानानें फार थोडें लिहिलें आहे. भांडणाचा इतिहास आला. ज्यावरून भांडण झालें त्या आनंदाचा इतिहास राहिला. अर्थात्‌ हा दोष केवळ लेखणीचा म्हणतां येत नाहीं. भांडण जुनें झालें म्हणजे माणसाला त्याचें मूळ प्रेम आठवेनासें होतें, शेवटला टोला तेवढा आठवतो.

हे दोष सांगूनही ग्रंथाचें श्रेय कमी करण्याची आमची इच्छा नाहीं. हलक्या कागदाचीं तीं मासिकें कोणत्या सरकारी ग्रंथालयानें जपलीं असतीं? मॉस्कोविट्झ यांनीं अंक, तारखा, ठराव, पत्रें यांची जी दाद घेतली ती दुसऱ्या कोणीं इतक्या चिकाटीनें घेतली नसती. पक्षपाती इतिहास हा इतिहासच नव्हे, असें मानणारांनीं हेंही लक्षांत घ्यावें कीं, ज्याला एखाद्या गोष्टीचें कांहींच वाटत नाहीं तो तिचे कागद जपून ठेवीत नाहीं. त्यांच्या बाजूला दुसऱ्या पक्षाचे ग्रंथ ठेवून वाचले म्हणजे तोल साधतो. डेमन नाइट यांचा 'दि फ्यूचरियन्स' हा ग्रंथ १९७७ सालीं व फ्रेडरिक पोल यांचें आत्मवृत्त १९७८ सालीं निघालें. गमतीची गोष्ट अशी कीं, बाहेर काढले गेलेले ते फ्यूचरियनही आपसांत सुखानें नांदले नाहींत. १९४५ सालीं त्यांच्यांत फूट पडून अब्रुनुकसानीच्या दाव्यापर्यंत मजल गेली. म्हणजे दोष त्या दाराच्या एकाच बाजूला नव्हता. आणि तरीही याच मंडळींतून पोल व कॉर्नब्लुथ यांच्यासारखे कथाकार निघाले, वॉल्हाइमसारखा प्रकाशक निघाला, आणि आयझॅक आसिमोव्ह हेही याच मंडळाचे; ते मात्र त्या दिवशीं आंत जाऊं शकले होते. भांडणाऱ्यांचें प्रेम खोटें नव्हतें, याला याहून दुसरा पुरावा नको.

हें सर्व दूरदेशीचें म्हणून हंसण्यावारीं नेण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तरुणपणीं आमच्या गांवच्या वाचनालयांत आम्ही दहाबारा जणांनीं एक हस्तलिखित चालविलें होतें. तिसऱ्या वर्षीं दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर संपादकांच्या यादींत दोन नांवांचा क्रम बदलला. एक नांव आमचें होतें, दुसरें आमच्या एका स्नेह्याचें. त्यावरून प्रथम वर्णानुक्रमाची चर्चा झाली, मग कोणीं किती पानें लिहिलीं याची, आणि शेवटीं कोणाच्या घरीं कोणाचा चहा कितीदां झाला याची. पुढील वर्षीं हस्तलिखित बंद पडलें. त्या अंकांत आम्हीं काय लिहिलें होतें तें आज आम्हांस आठवत नाहीं. क्रम मात्र आठवतो. मोल नसलेल्या वस्तूंत मान हें एकच नाणें चालतें, आणि त्याची मोड मिळत नाहीं.

ज्यांच्या घरीं एखादें नाट्यमंडळ, भजनीमंडळ अथवा वाचनमंडळ चालतें त्यांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा, अशी आमची शिफारस आहे. त्यांतील नांवें परकीं वाटतील, माणसें वाटणार नाहींत. आमचे ते स्नेही या मासिकाचे जुने वर्गणीदार आहेत असें ऐकतों. हें पान त्यांच्या दृष्टीस पडलें तर त्यांनीं आमचा नमस्कार स्वीकारावा. वर्णानुक्रमानें त्यांचेंच नांव आधीं येत होतें.