'द इन्व्हिटेशन': एक शंका चुकली, मग?

करिन कुसामाचा 'द इन्व्हिटेशन' (2015) हा बिनभुताचा भयपट. लॉस एंजेलिसमध्ये विल घटस्फोटित बायकोकडे जेवायला जातो. खिडक्यांना गज, दाराला कुलूप, यजमान जरा जास्तच गोड. पाहुण्यांना एका बाईच्या मरणाचा व्हिडिओ दाखवतात, तरी बहुतेक जण वाइन पीत बसतात. उगाच वाईट कशाला दिसायचं?

लॅटाने आणि डार्लीचा 1968 चा प्रयोग आठवा. खोलीत धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्क्यांनी कळवलं. सोबत प्रयोगकर्त्यांचीच दोन माणसं ढिम्म बसलेली असताना फक्त 10 टक्क्यांनी.

शेवटची पळापळ नेहमीचीच आहे. सिनेमा जिंकतो तो चोईच्या प्रसंगात. चोई गायब आहे म्हणून विल सगळ्यांसमोर आरोप करतो, आणि चोई दारात हजर! विल खजील होतो, आपणही त्यालाच वेड्यात काढतो. पण एक शंका चुकली म्हणून बाकीच्या खुणा पुसल्या जातात का?

लॅब मीटिंगमध्ये माझा एक प्रश्न असाच फसला. पुढच्या वेळी आलेखाचा अक्ष चुकलेला दिसत होता, तरी मी गप्प बसले. तुम्ही बसू नका. चुकलेली शंका खोडा आणि पुढची विचारा.