स्थलवर्णनाची कसोटी : डहाणूच्या निमित्ताने

मराठीतील स्थलवर्णनपर लेखनाचे परीक्षण करताना चित्रमयता हाच बहुधा एकमेव निकष मानला जातो. वर्णिलेले स्थळ वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले म्हणजे वर्णन सफल झाले, असे समजण्याचा प्रघात आहे. हा निकष चुकीचा नाही; परंतु तो अपुरा आहे. पाहणाऱ्याला स्थळ कसे दिसले, एवढेच त्यावरून कळते. तेथे राहणाऱ्याला ते कसे लाभले, या प्रश्नाला त्यात जागा नाही. हा अपुरेपणा सागरतीराच्या आणि बेटांच्या वर्णनांत विशेष जाणवतो, कारण वाळू, नारळी आणि सूर्यास्त या तीन गोष्टींवर कोणत्याही उष्ण कटिबंधीय किनाऱ्याचे वर्णन बेतता येते आणि नाव बदलले तरी त्यात काही बिघडत नाही.

अंदमानचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. आज हजारो पर्यटक त्या बेटांवर निळे पाणी आणि नारळीची बने पाहावयास जातात, आणि १९७९ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झालेला सेल्युलर तुरुंगही त्याच फेरीत पाहून येतात. तोच नारळ सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात येतो, तेव्हा तो शोभेची वस्तू राहत नाही. त्याचा छिलका कुटावयाचा असतो, त्याचे तेल कोलूतून काढावयाचे असते. तो दिवसाच्या श्रमांचे माप होतो. त्या ग्रंथाचा लेखक सहल करावयास गेला नव्हता. तरीही, किंवा म्हणूनच, बेटावरील एका झाडाविषयी तो जे सांगतो ते कोणत्याही सहलवर्णनात सापडत नाही. एखादी वस्तू वर्णनात कोणत्या क्रियेशी जोडली जाते, यावर त्या वर्णनाची खोली अवलंबून असते, असा नियम यावरून सुचतो. तो पडताळून पाहण्यास डहाणूसारखे स्थळ क्वचितच मिळेल.

डहाणूचे रूढ वर्णन सर्वपरिचित आहे. चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर डहाणू रोड स्थानक. एप्रिल २०१३ पासून तेथवर मुंबईची उपनगरी गाडी जाते. सुरूच्या रांगांनी सावरलेला किनारा, बोर्डीची लांबलचक चौपाटी, घोलवडच्या चिकूच्या वाड्या, विवळवेढे येथील महालक्ष्मीचे देवालय आणि तिची चैत्री यात्रा, बारडच्या डोंगरातील बहरोटची लेणी, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. यांतील एकही गोष्ट खोटी नाही, आणि तिचे सौंदर्यही नाकारण्याचे कारण नाही. दोष आहे तो यादीच्या स्वभावात. यादीत प्रत्येक वस्तू आपापल्या जागी सुटी पडते. बहरोटची लेणी पाहण्याजोगी ठरतात. पण संजाणच्या पाडावानंतर पारशी धर्मगुरूंनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे तेथे लपवून राखला, ही परंपरा एका ओळीची माहिती होऊन बाजूला राहते. वाडीतील चिकू गोड लागतो. झाडावर चढून तो उतरविणारा कोण, याची चौकशी होत नाही. किनाऱ्यावर बांबू आणि दोर बांधून वाळत घातलेल्या बोंबलांची तर या वर्णनांत दुर्गंधीखेरीज अन्य संभावना होत नाही.

या यादीशेजारी गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा ग्रंथ ठेवून पाहावा. तो १९७० साली प्रसिद्ध झाला आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याचा विषय आहे डहाणू, तलासरी, उंबरगाव या टापूतील वारल्यांचा लढा. २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या परिषदेत वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढून जन्मभर त्याचा बांधील झालेला ‘लग्नगडी’ या लढ्यामुळेच मोकळा होऊ लागला. ग्रंथ वाचताना लेखिकेने निसर्गवर्णनासाठी मुद्दाम लेखणी थांबविली आहे असे वाटत नाही. परंतु डोंगर, रान, वाट, पाडा हे सारे त्यात आहेच, आणि ते प्रत्येक वेळी कोणाच्या तरी चालण्याशी, लपण्याशी, राबण्याशी जोडलेले आहे. पावसाळ्यानंतर या माळांवर सोनेरी होणारे गवत कोणाही प्रवाशास मोहवील. पण ते मुंबईच्या बाजारात जाणारा माल होते, आणि ते कापण्याच्या मजुरीवरूनच १९४५ च्या ऑक्टोबरात संप झाला. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. हे जाणणाऱ्या वाचकास ते गवत पूर्वीसारखे केवळ सोनेरी दिसणे शक्य नाही. अंदमानच्या नारळाचे जे झाले तेच येथे गवताचे होते.

अनुताई वाघ यांच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या लेखनाचे तर नावच स्थलदर्शनाचे आहे. टेकडीवरून खाली पाहणे हा सहलीचा शिरस्ता. पण येथील टेकडी हे निरीक्षणाचे ठिकाण नसून वस्तीचे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत आरंभिलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र १९५७ साली कोसबाडला आले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे ध्यानी येताच शाळाच कुरणात नेण्यात आली. ‘कुरणशाळा’ या एका शब्दात त्या भूमीचे जेवढे ज्ञान साठविले आहे, तेवढे पानभर वर्णनात साठविता येणार नाही. कुरण म्हणजे हिरवळ हे प्रवाशाला दिसते. कुरण म्हणजे मुलाचे कामाचे ठिकाण, हे कळण्यास तेथे राहावे लागते.

यावर असा आक्षेप संभवतो की, हे दोन्ही ग्रंथ प्रवासवर्णने नव्हेत. एक लढ्याची हकीगत आहे, दुसरे शिक्षणकार्याचे निवेदन. त्यांच्याशी सहलवर्णनाची तुलना करणे अन्यायाचे होय. आक्षेपात तथ्य आहे. शिवाय या ग्रंथांनाही मर्यादा आहेत. परुळेकरांचे लक्ष डोंगरपट्टीतील वारल्यांवर आहे, किनाऱ्यावरील मच्छीमारांवर नाही. आणि जेथे प्रत्येक वस्तूवर अन्यायाची छाया पडते, तेथे आनंदास थोडीच जागा उरते. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाने लढ्याचा इतिहास लिहावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. अपेक्षा इतकीच की, त्याच्या वर्णनात माणसे काही करीत असावीत.

ही अपेक्षा अवास्तव नाही, याचे प्रमाण याच भूमीतील चित्रकलेत मिळते. वारल्यांच्या घरी लग्नप्रसंगी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढीत आल्या. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ही कला विधीबाहेर आणून कागद-कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत क्षितिजाची रेषा नाही, आणि म्हणून दूर उभ्या राहिलेल्या प्रेक्षकासाठी राखलेली जागाही नाही. बारीक रेषांनी विणलेले मासेमारीचे जाळे अवघा पट व्यापते. झाड असते तेथे कोणी चढत असतो, शेत असते तेथे कोणी वाकलेला असतो, तारपा वाजतो तेथे नाचणाऱ्यांचे वेटोळे फिरत असते. श्रम आहेत, पण आनंद हरवलेला नाही. परुळेकरांच्या ग्रंथात जी उणीव राहते, ती येथे भरून निघते. स्थलवर्णनाचा याहून चांगला आदर्श डहाणूस बाहेरून आणावयास नको.

हा प्रश्न केवळ वाङ्‌मयीन अभिरुचीचा नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम ठरविण्यात आला, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच्या रक्षणार्थ न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. पुढे ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण येथे समुद्रात भराव घालून उभारावयाच्या बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला आहे. बंदर व्हावे की न व्हावे, याचा निर्णय समीक्षेने करावयाचा नाही. परंतु त्या वादात किनाऱ्याचे वर्णन कोणत्या शब्दांत होते, हे पाहणे तिचे काम आहे. किनारा म्हणजे केवळ रम्य देखावा असेल, तर एका देखाव्याऐवजी दुसरा पुरविता येतो. चौपाटी अन्यत्रही आहे. तो जाळे टाकण्याची, बोंबील वाळविण्याची, पिढ्यान्‌पिढ्या भरती-ओहोटी ओळखण्याची जागा असेल, तर तिचा मोबदला ठरविणे इतके सोपे राहत नाही. ज्या वर्णनात माणूस नसतो, ते वर्णन नकळत ती जागा रिकामी आहे अशी साक्ष देते. डहाणूविषयी यापुढे होणाऱ्या लेखनाची कसोटी पाहावयाची, ती या साक्षीवरून.