बावीस कोटींची संख्या आणि आपले कौतुक

चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखामुळे खानदेशाचे नाव भास्कराचार्यांशी कायमचे जोडले गेले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापला; लेखातील दान इ.स. १२०७ मधले आहे. जळगाव-धुळ्याकडच्या शिक्षकाला भास्कराचार्य घरचे वाटतात ते यामुळेच. पण घरच्या माणसाचे कौतुक करताना त्याचे काम पाहायचे राहून जाते.

इ.स. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’तील ‘बीजगणित’ या भागात एक प्रश्न आहे: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवल्यास पूर्ण वर्ग येतो? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०. येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९.

गौरवपर लेख बहुधा इथेच थांबतात. संख्या केवढी मोठी, आणि फर्माने हाच ६१ चा प्रश्न १६५७ मध्ये, पाचशे वर्षांनी घातला! दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण यात गणित कुठे आले?

वर्गातही आपण संख्येला नावे देतो. ही संख्या सम आहे, संयुक्त आहे, अंकांची बेरीज ३६ म्हणून ९ ने भाग जातो. पण अशा संख्या अगणित आहेत. मग हीच का? ते कळायला तिच्यापर्यंतची वाट चालावी लागते.

८ चा वर्ग ६१ × १ पेक्षा ३ ने मोठा आहे. म्हणून (८, १) या जोडीचा फरक ३. तसाच (७, १) चा उणे १२. ब्रह्मगुप्तांची ‘भावना’ सांगते की (अ, ब) व (क, ड) पासून (अक + ६१बड, अड + बक) ही जोडी मिळते आणि तिचा फरक म्हणजे आधीच्या फरकांचा गुणाकार. येथे (११७, १५) मिळते, फरक उणे ३६. जोडीला ३ ने भागा: (३९, ५), फरक उणे ४. हा चक्रवाल पद्धतीचा एक फेरा. आता २ ने भागा. फरक उणे १. अशा तीन जोड्यांच्या भावनेने (२९७१८, ३८०५) येते, फरक पुन्हा उणे १. तिची स्वतःशीच भावना केली की उत्तर हाती येते: २ × २९७१८ × ३८०५. अवयवही त्यातूनच सुटतात: २ × २ × ३ × ३ × ५ × १३ × १२७ × ७६१. विभाजक १४४!

ग्रंथाची उणीवही सांगायला हवी. चक्रवाल दरवेळी उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची सिद्धता तेथे नाही. वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येसाठी असे उत्तर असतेच, हे लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केले. श्रेयही एकट्या भास्कराचार्यांचे नाही. भावना ब्रह्मगुप्तांची, आणि चक्रवाल जयदेवांनी आधीच मांडली होती.

म्हणून विद्यार्थ्यांना बावीस कोटींचा आकडा पाठ करायला लावू नये. त्यांना ६१ ऐवजी ६० घ्यायला सांगावे: उत्तर ४. मग ६२: उत्तर ८. मधल्या ६१ लाच एवढे मोठे उत्तर का, असे एखाद्याने विचारले, की भास्कराचार्यांचा पाठ खऱ्या अर्थाने सुरू झाला.