आकृतिभंग आणि माणसाचा प्रत्यय

आधुनिकतावादी चित्रकलेने मानवाकृती मोडली, म्हणजेच माणूस नाकारला, असे समीकरण अनेकदा मांडले जाते. त्याच्या समर्थनार्थ ऑर्तेगा ई गासेत या स्पॅनिश विचारवंताने १९२५ मध्ये मांडलेली कलेच्या अमानुषीकरणाची संकल्पना पुढे केली जाते. वस्तुतः ऑर्तेगाने ती निंदेसाठी नव्हे, नव्या कलेच्या वर्णनासाठी योजली होती. तरीही मूळ प्रश्न उरतोच : आकृतिभंग हा माणसाविषयीच्या अनास्थेचा पुरावा ठरतो काय? फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) आणि तैयब मेहता (१९२५–२००९) यांची चित्रे या संदर्भात तपासण्याजोगी आहेत.

गोव्यातील साळगावच्या कॅथलिक संस्कारांत वाढलेला सूझा १९४९ मध्ये लंडनला गेला. 'क्रूसिफिक्शन' (१९५९) या चित्रात त्याने ख्रिस्ताचा सांत्वनपर देह नाकारून काळा, काटेरी देह उभा केला. वेदनेला सौंदर्याचे आवरण घालण्यास हा नकार आहे. जाड काळी रेषा, कपाळात चढलेले डोळे यांतून त्याची रेषा आरोपपत्र लिहिते. मात्र त्याच्या अनेक स्त्रीदेहचित्रांत हीच आक्रमकता देहालाच लक्ष्य करते. तेथे रेषेचा नैतिक रोख हरवतो, हे नोंदवणे आवश्यक आहे.

तैयब मेहतांची वाट वेगळी आहे. १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या रस्त्यावर पाहिलेली हत्या त्यांच्या संवेदनेत कायमची रुतली. पण त्यांनी ना रक्त रंगवले, ना प्रसंग. कोसळणारी आकृती त्यांच्या चित्रांत पुनःपुन्हा येते; १९६९ पासून तिरपी रेषा चित्रावकाश आणि देह दोन्ही छेदते. छायाप्रकाशविरहित, सपाट रंगक्षेत्रांत अवयव तुटतात, तरी परस्परांत अडकून राहतात. येथे हिंसा हा चित्राचा विषय न राहता त्याची रचना होते. म्हणूनच त्यांचा संयम थंड वाटत नाही.

दोघांच्याही आकृतिभंगाला 'विरूपीकरण' ही एकच संज्ञा लावल्यास हा भेद पुसला जातो. सूझा देहावर खूण उमटवतो. मेहता देहाला दुभंगाच्या अवस्थेत स्थिर करतात. अखंड, प्रमाणबद्ध देह रेखाटणे म्हणजे माणसाचा गौरव, हे गृहीतक विसाव्या शतकातील हिंसेपुढे अपुरे पडले होते. मोडलेली आकृती कोणत्या अनुभवाशी इमान राखते, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. ती मोडली आहे एवढे सांगून ते संपत नाही.