घडी, खळ आणि राळ

‘डिप्लोमसी’ म्हटलं की उंची दालनं आणि मोजूनमापून बोललेली वाक्यं डोळ्यांपुढे येतात. इंग्रजीतला हा शब्द जरा उलगडून पाहावा. ग्रीक ‘डिप्लोमा’ म्हणजे घडी घातलेली, दुहेरी केलेली वस्तू. रोमन साम्राज्यात सरकारी टपालाचे घोडे वापरण्याच्या परवान्यालाही हेच नाव होतं. राजसत्तेच्या मुभेला पत्राच्या घडीवरून नाव मिळावं, यातला साधेपणा मला फार भावतो.

त्या घडीचं सर्वांत देखणं रूप रोमन सैनिकी सनदांत आहे. साहाय्यक दलात पंचवीस वर्षं चाकरी केलेल्या शिपायाला नागरिकत्व मिळे, त्याचा दाखला म्हणजे ही कांस्यपत्रं. दोन पत्रं एकमेकांवर ठेवून तारेनं बांधायची आणि वर सात साक्षीदारांच्या मोहोरा. मजकूर आतही कोरलेला, बाहेरही. बाहेरचा कुणीही वाचावा; शंका आली तर मोहोर फोडून आतल्याशी ताडून पाहावा. कडीत ओवून राजमुद्रेनं बंद केलेले आपले ताम्रपट पाहिलेल्या वाचकाला ही योजना चटकन उमगेल. इंग्लंडमधल्या मालपास इथे सापडलेली, इसवी सन 103 मधली अशी एक सनद ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजनयाचा सारा भरवसा त्या दोन पत्रांच्या बेचक्यात मावलेला दिसतो.

पुढचा प्रवास विद्वानांच्या हातून झाला. जुन्या सनदा अस्सल की बनावट हे पारखण्याचं शास्त्र झाँ माबियों या फ्रेंच मठवासी पंडितानं 1681 साली ग्रंथात मांडलं. ‘डिप्लोमॅटिक’ म्हणजे तेव्हा ‘सनदांविषयीचं’. मग राष्ट्राराष्ट्रांमधल्या तहांचे संग्रहही याच विशेषणानं निघू लागले आणि ते कागदांवरून तह करणाऱ्या माणसांकडे सरकलं. 1796 मध्ये एडमंड बर्क ‘डिप्लोमसी’ लिहितो, तोवर घडी पार आत लपलेली आहे.

‘प्रोटोकॉल’ तर याहून सरस. ‘प्रोटोस’ म्हणजे पहिला, ‘कोल्ला’ म्हणजे खळ. पपायरसच्या गुंडाळीला आरंभी चिकटवलेलं पहिलं पान, ते ‘प्रोटोकोल्लोन’. त्यावरून मूळ नोंद, नोंदीवरून तहाचा मसुदा, मसुद्यावरून राजशिष्टाचार, आणि आता संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम. प्रत्येक अर्थ आधीच्या अर्थाला चिकटून आला आहे. इतक्या शतकांत खळ कुठे सुटलेली नाही.

राजनयातलाच आणखी एक शब्द ‘अँबॅसडर’, म्हणजे राजदूत. तो आणि ‘अँबर’ कानाला भावंडं वाटतात, पण त्यांचं नातं नाही. पहिल्याचं मूळ केल्टिक समजतात. सीझरनं गॉलमधल्या सरदारांभोवतीच्या सेवकांसाठी ‘अँबॅक्टस’ शब्द वापरला आहे.

‘अँबर’ आला अरबी ‘अंबर’वरून, आणि अरबीत तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा सुगंधी पदार्थ. आपल्याकडचे अत्तरवालेही ‘अंबर’ म्हणतात ते यालाच. बाल्टिक किनाऱ्यावरची जीवाश्म झालेली राळ ही अगदी वेगळी चीज. पण दोन्ही समुद्रकाठी वाहून येतात, दोन्ही जाळल्या की दरवळतात, म्हणून युरोपात दोन्ही एका नावाखाली आल्या. मग फ्रेंचांनी रंगावरून वाटणी केली: पिवळा अंबर, करडा अंबर. इंग्रजीत मूळ नाव राळेकडे राहिलं आणि खरा मालक ‘अँबरग्रीस’ झाला. त्या शेपटातलं ‘ग्रीस’ म्हणजे फ्रेंचांचा तो करडा रंग. एवढ्याशा अक्षरांत सबंध वाटणीपत्र टिकून राहिलं आहे!

राळेचं ग्रीक नाव मात्र ‘एलेक्ट्रॉन’. घासली की ती काडीकचरा ओढून घेते. राणी एलिझाबेथचा वैद्य विल्यम गिल्बर्ट यानं 1600 साली लोहचुंबकावरच्या लॅटिन ग्रंथात अशा पदार्थांना ‘या राळेसारखे’ या अर्थी ‘इलेक्ट्रिक’ म्हटलं. 1646 मध्ये टॉमस ब्राउननं त्यातून ‘इलेक्ट्रिसिटी’ घडवली, 1891 मध्ये जॉर्ज स्टोनीनं विद्युतभाराच्या मूलभूत एककाला ‘इलेक्ट्रॉन’ हे जुनं नाव जसंच्या तसं दिलं. नवा शब्द न शोधता राळेकडे परतण्यात मला फार मोठी जाण दिसते.

ग्रीकांनी जे घासून पाहिलं तेच आपल्याकडच्या नाव ठेवणाऱ्यानंही पाहिलं असणार. राळेचं संस्कृत नाव ‘तृणमणी’ दुसरं काय सांगतं? फारसीतला ‘काहरुबा’ म्हणजेही गवताची काडी हिसकावणारा. तो शब्द अरबीनं उचलला, आणि अरबीत आज ‘कहरबा’ म्हणजे वीज.