शीतली कुठं गेली?

'लागिरं झालं जी' २०१७ ते २०१९ झी मराठीवर चालली. पुढं कथा ताणली, पण तेजपाल वाघांनी लिहिलेली सातारी बोली अस्सल राहिली. सांगलीतली माझी आजी नंतर एका चाहत्याच्या फुकट चॅनलवर जुने भाग बघायची. एक दिवस चॅनलच गायब. "शीतली कुठं गेली रं?"

मी कोड लिहितो. नियम ठाऊक आहे. यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक बसले, की चॅनल बंद होऊ शकतं. प्रेक्षकांच्या प्रेमानं त्याचं आयुष्य वाढत नाही.

साताऱ्याच्याच कोरी पाटी प्रॉडक्शनची 'गावाकडच्या गोष्टी'ही फुकटच, पण निर्मात्यांच्या स्वतःच्या चॅनलवर. आपली बोली टिकवायची, तर चॅनलही आपलंच हवं.